दुपारचा अभ्यास

३ एप्रिल, बुधवार
आले एकदाची. गिंबालहून पहाटेची जीपनी गाडी पकडली आणि साडेसातला शहरात, हारो भागातल्या या घरासमोर बॅग टेकवली. ही वही माझ्या लेकीने, जिंकीने दिली आहे. निघताना म्हणाली, "आई, रोज लिही, परत आलीस की मी वाचणार." अकरा वर्षांची पोर, आणि हुकूम बघा.

मला स्वतंत्र खोली आहे! पंखा, आरसा, खिडकीत तोंडलीचा वेल. मनिलात एजन्सीच्या खोलीत आम्ही आठजणी झोपायचो, त्यामुळे हे म्हणजे चैनच. घरात माणसं तीनच. मॅम आर्सेली, पन्नाशीच्या, लग्न केलेलं नाही. वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरसमोर बसून परदेशातल्या मुलांना इंग्रजी शिकवतात. स्वयंपाकाला पासिंग, तिला सगळे मनांग म्हणजे ताई म्हणतात, चाळीसेक वर्षं इथेच आहे. आणि ज्यांच्यासाठी मला ठेवलंय ते मॅमचे वडील, क्रिस्पुलो तायोंग. शाळेचे मुख्याध्यापक होते. सगळी गल्ली त्यांना अजून माएस्त्रो म्हणते. दोन वर्षांपूर्वी झटका आला, वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात थोडा चालतो. बोटाने पलंगाच्या दांडीवर एकदा टकटक केलं की हो, दोनदा केलं की नाही.

माझा फोन मॅमनी फाटकाजवळच्या कपाटात ठेवून घेतला. रविवारी परत मिळणार. इथे बहुतेक घरांत तसंच असतं. कामासाठी दुसरा दिलाय, त्यात सिम नाही, घरातल्या वायफायपुरताच चालतो.

५ एप्रिल, शुक्रवार
आज मॅमनी गाण्याचं यंत्र शिकवलं. माएस्त्रोंच्या खोलीत भिंतीवर काळी डबी आहे, दोन स्पीकर. बटण नाही, रिमोट नाही. फोनवर ब्राउझर उघडायचा, आकडे आणि टिंबांचा पत्ता टाकायचा, की एक पान येतं. वर खोल्यांची नावं: माएस्त्रो, स्वयंपाकघर, दिवाणखाना. खाली फायलींची यादी, चालू, थांबा, आणि आवाजाची पट्टी. घरातल्या कुठल्याही फोनवर तेच पान उघडतं. मी पट्टी सरकवली की मॅमना वरच्या मजल्यावर ती सरकलेली दिसते. मला गंमत वाटली.

मॅम म्हणाल्या, रोज तीन वाजता "दुपारचा अभ्यास" नावाची फाईल लावायची. पंचेचाळीस मिनिटांची आहे. आवाज साठ. लावायची, दार ओढून घ्यायचं आणि आत थांबायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेला मेंदूचा व्यायाम आहे, दुसरं माणूस असलं की लक्ष उडतं. तेवढा वेळ मला विश्रांती. अशी नोकरी नशिबानेच मिळते.

१० एप्रिल, बुधवार
माएस्त्रोंचं आणि माझं जमलंय. सकाळी आल्याची पेज भरवते, दाढी करते, आंघोळीआधी पाठीला खोबरेल चोळते. स्वच्छ माणूस. चादरीला सुरकुती चालत नाही, लगेच टकटक, टकटक.

फक्त दुपार वाईट. पावणेचारला दार उघडलं की सगळं ओलं. चादर, उशी, सगळं. डोळ्यांतून पाणी चालू असतं. चादरी धुऊन माझे हात सोलले. मॅमना विचारलं, डॉक्टरांना सांगू या का, एवढा ताण बरा नाही. त्या म्हणाल्या, व्यायामाने स्नायू सैल पडतात, व्हायचंच. डायपर जास्त मागवलेत.

१८ एप्रिल, गुरुवार
आज माझी चूक झाली. जेवण उशिरा झालं, तीन वाजून गेले, घाईत पान उघडलं आणि खोली बदलायची राहिली. सकाळी मनांगसाठी गाणी लावली होती, त्यामुळे वर "स्वयंपाकघर"च होतं. मी तिथेच टेबलाशी उभी होते. फाईल सुरू झाली.

एक मुलगा पाढा म्हणत होता.

जुनी कॅसेट असावी, खरखर होती. दहा-बारा वर्षांचा आवाज. एकोणिसाचा पाढा. मध्येच अडकायचा, पुन्हा पहिल्यापासून. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मग पाढा सोडून बापाला म्हणाला, "ताय, दार उघडा ना. श्वास घेता येत नाहीये मला." लांब कुठेतरी रेडिओ लागला होता. तो मोठा झाला.

मनांगच्या हातातली कढई फरशीवर पडली. तिने येऊन माझ्या हातातला फोन हिसकावला, पण तिला काही ते पान कळेना. मीच बंद केलं. ती खाली बसली आणि मला म्हणाली, "अगं भवाने, हे लावतेस तू त्यांना? रोज?"

१९ एप्रिल, शुक्रवार
मनांगने सकाळी भाजी निवडताना सांगितलं. माझ्याकडे बघत नव्हती.

माएस्त्रोंना मुलगाही होता. रेनांते, घरी नांते. दम्याचा. पाढा चुकला की माएस्त्रो त्याला जिन्याखालच्या कोठीत घालायचे, सोबत कॅसेट रेकॉर्डर चालू करून. पूर्ण पाढा बिनचूक रेकॉर्ड झाला की दार उघडणार. त्या दुपारीही तसंच. मुलगा ओरडायला लागला तसा त्यांनी रेडिओ मोठा केला. मॅम तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या, जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मनांग एकोणीस वर्षांची, नुकती कामाला लागलेली. मी विचारलं, तू का नाही उघडलंस. ती म्हणाली, "चावी त्यांच्या खिशात होती, पोरी. आणि मी त्यांना भीत होते. झालं समाधान?"

रेडिओ बंद केला तेव्हा कोठीतून आवाज येत नव्हता.

लोकांना सांगितलं, झोपेत गेला. कॅसेट मॅमनी लपवली. एवढी वर्षं सांभाळली.

२२ एप्रिल, सोमवार
तीन वाजता मी "दुपारचा अभ्यास" लावला नाही. जुनी प्रेमगीतं लावली आणि माएस्त्रोंजवळ बसून राहिले. त्यांनी माझं मनगट धरलं. दोन मिनिटांत गाणं मध्येच तुटलं. पानावर बघते तर फाईल बदललेली. मी परत गाणं लावलं. परत बदललं. पट्टी साठवर, सत्तरवर, ऐंशीवर. माझं बोट खाली आणि वरच्या मजल्यावर मॅमचं बोट.

मग त्या स्वतः खाली आल्या. ओरडल्या नाहीत. मला बाहेर नेऊन दार लावलं आणि म्हणाल्या, "पासिंगने सांगितलं असेलच. मग आता तुला सगळं माहीत आहे, तर अजून सोपं. तू फक्त बटण दाबायचंस, नेल्फा. तेही नको असेल तर बॅग भर."

जिंकीची शाळा जूनमध्ये सुरू होईल. मी बॅग भरली नाही.

३० एप्रिल, मंगळवार
दाबते. रोज. दार ओढते आणि तोंडली तोडत बसते. आता भिंतीतून ऐकू येतं. आधी का येत नव्हतं कुणास ठाऊक. आज त्यांनी माझी बाही धरून ठेवली, सोडेनात. मी बोटं एकेक करून सोडवली.

पुन्हा धुणं.

६ मे, सोमवार
केलं मी. लिहून टाकते.

यादीत फाईलपुढे तीन टिंबं असतात. ती दाबली की खाली "काढून टाका" येतं. पान विचारतं, नक्की? मी हो म्हटलं. दुपारी तीनला माएस्त्रोंना सांगितलं, गेलं ते, आता कधी नाही वाजणार. त्यांनी दांडीवर एकदा टकटक केलं. पावणेचारला चादर कोरडी होती.

खरं सांगते, दयेने केलं तसंच धुण्याच्या कंटाळ्यानेही केलं.

७ मे, मंगळवार
मॅमनी विचारलं. मी कबूल केलं. म्हटलं, तुमच्याकडे कॅसेट असेलच ना.

त्या जिन्यावर बसल्या, नवव्या की दहाव्या पायरीवर. म्हणाल्या, कॅसेटला बुरशी लागली होती, कशीबशी एकदाच वाजली, तेव्हाच ती फाईल केली. मग फीत तुटली. दुसरी प्रत नाही. नांतेचा फोटोसुद्धा घरात ठेवला नव्हता माएस्त्रोंनी. "त्याचं तेवढंच होतं माझ्याकडे," म्हणाल्या. "शेवटी तो माझं नाव घेतो. ऐकलं होतंस का तिथपर्यंत?"

मी ऐकलं नव्हतं. पायाशी बसून माफी मागितली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

९ मे, गुरुवार
मॅमनी मनांगला गावच्या जत्रेसाठी आठवडाभराची सुट्टी दिली. तिने मागितली नव्हती. जाताना मला म्हणाली, तूही चल. मी म्हटलं, माएस्त्रोंचं कोण करणार.

मॅम गोड वागतात. आंबे आणले होते.

११ मे, शनिवार
दुपार. कोठीत आहे.

तांदळाचं पोतं काढायला आले, मागून दार लागलं. मला आधी वाटलं वाऱ्याने. मग कुलूप ऐकलं. वही एप्रनच्या खिशात होती. कामाचा फोनही आहे. त्याच्या उजेडात लिहितेय.

मॅम दाराबाहेरून बोलल्या. शांत, शिकवताना बोलतात तशा. कोठीत मायक्रोफोन लावलाय, फळीवर लाल दिवा दिसतोय. मी जे बोलेन ते माएस्त्रोंच्या स्पीकरवर जाणार. त्यांच्या डाव्या हाताशी टॅबलेट ठेवलाय, त्यावर तेच पान. माझ्या फोनवरही पान आहे, पण बटणं राखाडी, फक्त बघता येतं. बाहेरचं नेट बंद केलंय, दुसरं काही उघडत नाही. "पट्टी तुला दिसायला हवी," म्हणाल्या.

तीन ते चार. तासभर माएस्त्रोंनी आवाज शून्यावर नेला नाही तर चारला दार उघडणार. नेला तर मॅम गाडी काढून बाकोलोदच्या बोटीला जाणार. दोन दिवसांनी येणार.

म्हणाल्या, "मला फक्त बघायचंय, नेल्फा. चाळीस वर्षं मला वाटतंय की ते बदलले असतील. तुझ्याकडून सेवा करून घेतलीये त्यांनी, तुझा लळा आहे. तुझ्यासाठी तरी ऐकतील."

माएस्त्रोंनाही सांगितलंय म्हणे. त्यांच्यासमोर, सगळं. त्यांना कळलंय.

३.०५
पट्टी साठवर. यादीत एकच ओळ: थेट — कोठी.

मी त्यांना हाक मारली. माएस्त्रो, मी नेल्फा. काही करू नका, बटणाला हात लावू नका, एवढंच.

३.१०
साठ. देवाची कृपा.

फार उकडतंय. जिन्याखाली हवाच नाही. मिरच्यांचं पोतं आहे, खोकला येतो.

३.१६
खोकल्यावर पंचावन्न झाली.

चुकून बोट लागलं असेल.

३.२०
मी रडले. चाळीस.

दार ठोकलं — तीस.

ओरडले, गल्लीत कुणी ऐकेल म्हणून. सलग ओरडले. तेरा. मॅम पायरीवर बसल्या असणार. मला श्वास ऐकू येतो त्यांचा.

३.२६
गप्प बसले. तेरावर थांबली.

ते ऐकतायत. रडणं नको आहे त्यांना. ओरडणं नको आहे. मग काय —

मी त्यांची दाढी केली. पाठ चोळली —

३.३१
एकोणीस एके एकोणीस म्हटलं. असंच, तोंडातून आलं.

पंधरा झाली.

३.३४
एकोणीस दुणे अडतीस. अठरा. एकोणीस त्रिक सत्तावन्न. बावीस.

वर जाते. बिनचूक म्हटलं की वर जाते. दुपारी ते का रडायचे ते मी ठरवलं होतं, त्यांना कधी विचारलंच नाही.

मॅम बाहेर हसल्या की रडल्या, कळलं नाही.

३.४०
एकोणीस चोक चुकले. सदुसष्ट म्हटलं. बावीसवरून नऊ.

पहिल्यापासून. तोंड कोरडं. कागदावर आधी मांडते, मग म्हणते. हात ओला, पेन्सिल घसरते.

१९, ३८, ५७, ७६, ९५ — अकरा झाली —

३.४७
खोकला. सात.

जिंकी, हे वाचू नकोस

३.५१
पाच. पायरी वाजली. मॅम उठल्या. किल्ल्यांचा जुडगा. दाराच्या की गाडीच्या —

चार

थांबा, म्हणते मी, माएस्त्रो, म्हणते, नीट म्हणते. एकोणीस सक एकशे चौदा. एकोणीस सत्ते एकशे तेहतीस. एकोणीस आठे एकशे बावन्न. एकोणीस नव्वे एकशे