गुडघ्याची लवण

५ जानेवारी

आले एकदाची पनवेलला! वही कुठल्या खोक्यात गेली देव जाणे, म्हणून सध्या रोजनिशी फोनवरच. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवरची ‘बंद आहे’ ही पाटी इतकी जुनी की तिच्यावर कोळ्याने संसार थाटलाय. सामान वाहणाऱ्यांनी मला मनात शिव्या घातल्या, मी बिल्डरला मोठ्याने घातल्या. तरी आज मी खूश आहे. खिडकीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. शाळेपासून डोंगर चढतेय. या दोन पायांनी मला जितकं सांभाळलंय तितकं सख्ख्या नातेवाइकांनीही सांभाळलेलं नाही. पहिल्या रविवारी कर्नाळा, मग प्रबळगड.

नोकरी पळस्प्याच्या पुढच्या नव्या मेडिकल कॉलेजात, अनॅटॉमीची ट्यूटर म्हणून. आत्याने विचारलं, रेवा, तुला जिवंत पेशंट मिळाले नाहीत का? मेलेली माणसं निदान टोमणे मारत नाहीत, असं मी तिला सांगितलं.

८ जानेवारी

जिवंत माणसं मात्र मारतात. विभागप्रमुख डॉ. उदयसिंह यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं की मागच्या ट्यूटर दिवाळीतच पळाल्या, तुम्ही होळीपर्यंत टिका म्हणजे झालं. बसायला खुर्ची नाही. स्टाफरूममधल्या चहात मला कुणी धरत नाही. ठीक आहे. मीही काही इथे सोयरीक जमवायला आलेले नाही.

मला शिकवायला दिलंय गुडघ्यामागचा भाग, म्हणजे आपण ज्याला लवण म्हणतो ती. बाकी कुणालाच नको असतं ते. मला फार आवडतं. कातडी काढली की शंकरपाळ्याच्या आकाराची जागा दिसते. वरच्या दोन कडा मांडीच्या स्नायूंच्या, खालच्या दोन पोटरीच्या. आत चरबीत आधी नर्व्ह लागते, तिच्याखाली शीर, आणि सगळ्यात खोल, हाडाला चिकटून, धमनी. तळाशी पॉप्लिटियस नावाचा एक बारका स्नायू. आपण ताठ उभे राहिलो की गुडघ्याला कुलूप लागतं, आणि पाऊल उचलताना ते उघडतो तो हाच. गुडघ्याला पुढून वाटीचं संरक्षण असतं, मागून काहीच नाही. म्हणूनच मागून एक लाथ बसली की पहिलवानही खाली बसतो.

१२ जानेवारी

आमच्या टेबलावरचा देह दादू नावाच्या माणसाचा. खाडीवर मासे मारायचा, पावसाळ्यात गेला, बायकोने देह कॉलेजला दिला. पोरांनी रिवाजाप्रमाणे फुलं वाहिली, शपथ घेतली. डिसेक्शन हॉलचा अटेंडंट धनेश याने मग एक भानगड दाखवली. मेलेल्या माणसाच्या पायाचे अंगठे घरोघरी बांधतात, पण देह इथे येईपर्यंत ते सुटलेले असतात किंवा आपण सोडतो. याचे अंगठे जाळं विणायच्या हिरव्या नायलॉनने असे करकचून बांधलेत की दोरा मांसात रुतलाय. बायको, भामा, आठवड्यातून एकदा गेटवर येऊन दोरा आहे ना एवढंच विचारून जाते, म्हणे.

आज ती मला गेटवर भेटली. पन्नाशीची असेल, एका पायाने लंगडते. हात जोडून म्हणाली, दोरा सोडू नका बाई, त्याला घरची वाट ठाव हाय. मी मान डोलावली आणि आत गेले. देह पालथा घालायचा तर पाय फाकवायला हवेत. पाय बांधलेले ठेवून लवण कशी उघडणार? कात्रीने दोरा कापला. धनेश तोंड फिरवून उभा राहिला. आम्ही विज्ञान शिकवतो की शकुन, असं मी पोरांसमोर त्याला सुनावलं. पोरं हसली, मला बरं वाटलं.

१५ जानेवारी

दोन्ही पायांची कातडी आणि चरबी काढून झाली. कर्नाळा रद्द. लवणीत दुखतंय, कुणीतरी बोटं खुपसून दाबत असल्यासारखं. नाडी बघताना आम्ही दाबतो, अगदी तसंच. तीन मजल्यांचे जिने, दुसरं काय.

१७ जानेवारी

आज देहाच्या दोन्ही नर्व्ह सुट्या करून पोरांना दाखवल्या. मी सांगत होते की ही कापली तर तळपाय बधिर होतो. ते सांगतानाच माझी चप्पल पायातून निघाली, आणि ती निघाल्याचं मला कळलंच नाही. हृतिक नावाच्या मुलाने आणून दिली. वर्ग पुन्हा हसला. या वेळी मला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी तळव्याला टाचणी टोचून बघितली. काही नाही. दोन्हीकडे.

२० जानेवारी

काल शीर मोकळी केली, आज माझ्या पोटऱ्या सुजल्यात. धमनी उघडायला हात नको म्हणत होता. डॉ. उदयसिंह येऊन म्हणाले, काय हो, देहाला भूल द्यायची राहिली का? सगळ्या हॉलसमोर. संतापाने उघडली.

घरी येऊन खुर्चीत बसले, गुडघा वाकवला, लवणीत बोटं दाबून नाडी शोधली. सापडत नाही. ही नाडी खोल असते, भल्याभल्यांना सापडत नाही. पण स्वतःची मला नेहमी सापडते. पाय गार आहेत. तरी चालतात. कसे चालतात?

डॉक्टरकडे गेले. रक्तप्रवाह बघायची डॉप्लर तपासणी नॉर्मल म्हणे. मी त्याच्याशी भांडून आले.

२३ जानेवारी

जिने चढताना डावा पाय जड पडतो आणि उजवा जरा ओढला जातो. माझी चाल अशी नाही. मी ती सरळ करायला जाते, पाय ऐकत नाहीत.

आज पॉप्लिटियसपर्यंत पोचलो. मी दाखवलं, कापला. आधी डावा, मग उजवा. आता त्या देहाच्या लवणीत काहीच उरलं नाही. तो जन्मात चालणार नाही, असं मी म्हणाले. पोरांसाठी विनोद म्हणून. कोणीच हसलं नाही.

२६ जानेवारी

ध्वजवंदन. सगळे सावधानमध्ये. राष्ट्रगीत संपलं, विश्राम झालं, माणसं चहाकडे वळली. मी उभीच. गुडघ्यांना कुलूप लागलं होतं. उघडेना. डॉ. उदयसिंह म्हणाले, पुरे झाली देशभक्ती, सगळं मैदान हसलं. मी रडत होते. कुणी जवळ आलं नाही.

मग कुलूप उघडलं. मी नाही उघडलं. पाय चालायला लागले, जड डावा, ओढता उजवा, सरळ गेटकडे. धनेशने मला कमरेला धरून ओढत आणलं, बाकावर बसवलं. गेटबाहेर भामा उभी होती. माझी चाल बघून ती खालीच बसली.

म्हणाली, ही त्याची चाल हाय.

२७ जानेवारी

तिने मला सगळं सांगितलं. मी विचारलं म्हणून.

दादू रोज खाडीवरून यायचा. त्याच्या पावलांचा आवाज आला की तिने दाराच्या खांबाला धरून पाठ करून उभं राहायचं. तसं त्याने शिकवलेलं. मग तो मागून लवणीत लाथ घालायचा. ती कोसळेपर्यंत. लग्नापासून. तिने लुगडं वर करून लवण दाखवली. हाडाला हाड नीट बसलेलं नाही. शिकवायला घ्यावं असं आहे ते.

म्हणाली, आमी त्याला जाळला नाय. जाळला असता तर सुटला असता. इथं कुलूप हाय म्हनून दिला, दोरा बांधून दिला. तुमी दोरा कापला. पन त्याचं गुडघंबी तुमीच कापलं, मग तो चालनार कशानं?

माझ्या पायांकडे बघत राहिली.

मी तिला माझा नंबर दिला, तिचा घेतला. गाव सोडून जा म्हटलं. ती म्हणाली, कुठं जाऊ.

मला भीती वाटतेय. इतकी कधीच वाटली नव्हती.

२८ जानेवारी

देहाचे अंगठे पुन्हा बांधले. धनेशने आणि मी. हिरव्याच दोऱ्याने. काही फरक नाही. बांधून काय होणार, तो कुठे चालतोय? चालतेय मी.

स्वतःचे अंगठे बांधले. पाय पलंगावर आपटत राहिले. दोरा रुतला, रक्त आलं. दुखलं नाही. तेच वाईट.

२९ जानेवारी

दोरा तुटला. सकाळी. जिना उतरले— उतरवलं गेलं—

हात माझे आहेत. तोंड माझं आहे. रिक्षावाल्याला हाक मारली, धरा मला म्हटलं. दारू प्यायली समजून तो हसला.

पुलाचा कठडा धरला. नखं निघाली. सुटला.

धनेशला फोन लावला. येतो म्हणाला. भामाला लावला. उचलत नाही. उचल. उचल ना.

खाडीचा वास. मी इथे कधीच आलेले नाही. पाय वळतात बरोबर. कुत्री बाजूला होतायत—

उचलला! ओरडले, पळा, मागच्या दाराने पळा, मी येतेय— तो येतोय— फोनमधून माझीच पावलं ऐकू आली. जड, मग ओढती.

घर दिसलं. दार उघडं.

ओरडतेय. घसा फुटेपर्यंत. पळा. भामाबाई पळा.

ती पळत नाही. पावलं ऐकली तिने. खांबाला धरलं— पाठ केली— लुगडं लवणीवरून थोडं वर— सवयीने— देवा, सवयीने—

माझा डावा पाय ताठ. उजवा मागे जातोय. मी धरते दोन्ही हातांनी, धरते, फोन टाकून ध