पाहणे आणि दिसणे: दीना पाटोळे यांची निरवानिरव

मी, डॉ. दीना यशया पाटोळे, वय ६९, धंदा निवृत्त प्राध्यापिका, राहणार तारकपूर, अहिल्यानगर (माझ्या जुन्या सगळ्या कागदांवर अहमदनगर असे आहे, दोन्ही एकच समजावे), आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि कोणाचीही भीड न ठेवता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पण डोके जागेवर आहे, असा दाखला डॉ. अश्विनी काळदाते यांनी दिला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले. ही चाचणी मी जन्मभर वर्गात शिकवली. तिने माणसाचे अवधान कळते, शहाणपण कळत नाही, असे मी त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "मॅडम, त्र्याण्णवच्या पुढं सांगा." मी सांगितले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणेल तर ते खोटे धरावे.

१. तारकपूर येथील दोन खोल्या, पडवी आणि मागचे सीताफळाचे झाड ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि भाड्याच्या घरातच वारले. त्यामुळे हिच्यात वडिलोपार्जित असे काही नाही. ही मिळकत माझी भाची स्टेला, म्हणजे माझा धाकटा भाऊ नोहा याची मुलगी, हिला मिळावी. नोहाने मनाला लावून घेऊ नये. तो दर नाताळाला जेवणाच्या पाटावर विचारतो, "ताई, आयुष्यभर लोकांचे डोळे मोजत बसलीस, हाती काय आलं?" हाती हे घर आले, नोहा. ते तुझ्या मुलीकडे जात आहे.

२. माझी पुस्तके आणि कपाटे माझा विद्यार्थी गहिनीनाथ आव्हाड, हल्ली शिक्षक, राहणार तिसगाव, याला द्यावीत. माझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला एकही पुस्तक देऊ नये. कारण लिहिणे भाग आहे.

मी पुण्यात पीएच.डी.ला गेले तेव्हा माझे मार्गदर्शक म्हणाले होते, "परीक्षेची भीती हा विषय घ्या, लगेच नोकरी लागेल. माणसाला काय दिसतं यात कसलं संशोधन? डोळे उघडले की दिसतं." मी तरी दृश्य अवधान हाच विषय घेतला. समोर असलेल्या ढीगभर गोष्टींतून माणसाची नजर नेमकी काय उचलते आणि काय सोडून देते, एवढाच माझा प्रश्न होता. तो घेऊन मी नगरला महाविद्यालयात शिकवायला परत आले. इथे मानसशास्त्र म्हणजे मनकवडेपणा. शेजारणी फाटकाशी उभ्या राहून विचारत, "मॅडम, आत्ता माझ्या मनात काय हाय, सांगा बरं." विभागप्रमुख प्रा. श्रीमंत देवढे माझ्या प्रयोगाच्या खोलीला "दीनाबाईंचा सिनेमा" म्हणत. फार वर्षे अर्ज केल्यावर डोळ्यांची हालचाल टिपणारे एक यंत्र मंजूर झाले, तेव्हा तपासणी समितीपुढे त्याच्याशेजारी फोटोला मात्र तेच उभे राहिले. मी निवृत्त झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात ते यंत्र मोडक्या बाकांबरोबर भंगारात गेले. मला ते भाजी घेताना शिपायाकडून कळले.

म्हणून प्रा. देवढे यांना माझ्याकडून काही देऊ नये. माझ्या शोकसभेत त्यांना बोलू देऊ नये. ते उभे राहिलेच, तर पंखा मोठा करावा.

३. आता ज्यासाठी हे मृत्युपत्र करते आहे ते.

रेश्मा म्हस्के ही माझी एम.ए.ची विद्यार्थिनी. नेवासा तालुक्यातल्या एका वस्तीवरून रोज स्कूटीवर यायची. माझ्या प्रयोगांसाठी माणसे तीच गोळा करून आणायची. दूधवाले, शिक्षक, किराणा दुकानदार, कोणीही तिला नाही म्हणत नसे. २०१४ च्या जानेवारीत, दिवस मावळताना, ती घरी निघाली. रस्त्यात उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली चाक बसले म्हणून उभी होती. मागे दिवा नाही, कापड नाही, दगड नाही. समोरून एक ट्रक दिवे लावून आला आणि रेश्मा सरळ त्या ट्रॉलीखाली गेली. ती जागीच गेली.

मी पोहोचले तेव्हा जमलेल्यांत एकच बोलणे चालले होते. "मोबाईल बघत असंल पोरगी." तिचा मोबाईल पिशवीत होता, पिशवीची चेन लावलेली होती. ती चेन मी माझ्या हाताने उघडून सगळ्यांना दाखवली. तरी पंचनाम्यात लिहिले गेले की स्कूटीचालकाचे लक्ष नसल्याने अपघात घडला.

लक्ष. ज्या शब्दावर माझे केस पांढरे झाले, तो त्यांनी दोन मिनिटांत लिहून टाकला.

त्यानंतर दोन हंगाम मी दुसरे काही केले नाही. गहिनीनाथ हा रेश्माचा वर्गमित्र. तो मामाची जीप आणायचा आणि आम्ही मावळतीला उसाच्या ट्रॉल्यांमागून हळूहळू जात चित्रण करायचो. ते चित्रण मी रोज दुचाकी चालवणाऱ्या माणसांना दाखवले आणि त्यांची नजर यंत्रावर टिपली. जे दिसले ते असे. समोरून दिवे आले की नजर दिव्यांकडे जाते. ट्रॉलीवरूनही ती फिरते, क्षणभर तिथे टेकतेसुद्धा. पण उसाचे वाढे, म्हणजे मागे लोंबणारा शेंड्यांचा पाला, आणि संध्याकाळ यांचा रंग एकच होतो आणि माणसाला तिथे काही आहे हे उमगतच नाही. तो झोपलेला नसतो, प्यालेला नसतो, मोबाईल बघत नसतो. तो बघत असतो आणि त्याला दिसत नसते. ट्रॉलीच्या दोन्ही कडांना चमकणारी पट्टी लावली, की त्याच माणसाला ती लांबूनच कळते.

हा निबंध मी परदेशी नियतकालिकाला पाठवला. त्यांनी विचारले, नेवासा येथील दूधवाल्यांवरून सर्वसाधारण माणसाविषयी अनुमान काढता येईल काय? मी उत्तर पाठवले की नेवाशाच्या दूधवाल्याला दोन डोळे असतात. निबंध परत आला.

रेश्माच्या आईने, बनुबाईंनी, नुकसानभरपाईचा दावा लावला होता. त्यात मी साक्षीला उभी राहिले. समोरच्या वकिलांनी विचारले, "बाई, माणूस बघतो पण त्याला दिसत नाही, असं म्हणणं आहे का आपलं?"

"होय."

"मग आत्ता मी आपल्याला दिसतोय का?"

लोक हसले. मी म्हणाले, "दिसताय, कारण मी तुमच्याकडे लक्ष देते आहे. तुमच्या मागच्या बाकावर कोण बसलंय हे न बघता सांगा." ते म्हणाले, प्रश्न त्यांनी विचारायचे आहेत. निकाल लागला तो असा, की निम्मी चूक ट्रॉलीवाल्याची आणि निम्मी मुलीची. अपील केले. तेही फेटाळले गेले.

एक कारखाना मात्र हलला. त्याचे नाव मी लिहिले होते, गहिनीनाथने खोडायला लावले. पुढच्या हंगामात त्यांच्या प्रत्येक ट्रॉलीमागे चमकणारे कापड लागले. मी आनंदाने बघायला गेले. कापडावर मधोमध चेअरमनांचा हसरा चेहरा आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा. कडा पहिल्यासारख्याच अंधारात. मी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना भेटून सांगितले, "माणसाची नजर आधी चेहऱ्यावर जाते. तो चेहऱ्याकडे बघेल आणि कडेला धडकेल. पट्टी कडांना हवी."

त्यांनी ते वहीत लिहून घेतले. मग म्हणाले, "मॅडम, पण साहेबांना कडंला कसं लावायचं?"

४. बँकेतील माझ्या ठेवी आणि निवृत्तिवेतनाची जी बाकी निघेल ती, यांतून गहिनीनाथने दर गाळप हंगामाच्या सुरुवातीला चमकणारी पट्टी विकत घ्यावी आणि नेवासा व पाथर्डीच्या रस्त्यांवर उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागच्या दोन्ही कडांना, वरपासून खालपर्यंत लावावी. पैसा पुरेल तोवर. पट्टीवर कोणाचे नाव नको, फोटो नको, माझेही नको. त्याला मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमते. तो म्हणाला, "मॅडम, लोक पट्ट्या उचकटून सायकलीला लावत्यात." लावू देत. सायकलही रस्त्यावरच असते.

५. उरलेले सोने, म्हणजे माझ्या आईच्या दोन बांगड्या, मी बनुबाईंना देणार होते. गेल्या आठवड्यात तसे सांगायला वस्तीवर गेले. त्या शेंगा निवडत होत्या. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बांगड्या न्हाई पायजे मला. तुमी येवढ्या शिकलेल्या. सरकारच्या कागदावर लिवलंय, तिचं लक्ष नव्हतं म्हनून. शिक्का हाय त्याच्यावर. माझ्या जावा आजून तेच बोलत्यात."

"बनुबाई, अपील संपलं. त्या कागदात आता काही बदलता येत नाही."

"तो नका बदलू. दुसरा करा. शिक्क्याचा."

मी घरी येताना एसटीत सगळी वाट चिडलेली होते, त्यांच्यावर नव्हे. एवढा अभ्यास करून माझ्या हाती एकही शिक्का नव्हता. मग आठवले, की मृत्युपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवता येते आणि नोंदवल्यावर त्याच्या पानापानावर शिक्का पडतो. गहिनीनाथने विचारले, "असं मृत्युपत्रात लिहिता येतं का? ही काय मालमत्ता नाही." मी म्हणाले, लिहून बघू. बांगड्या स्टेलाला द्याव्यात.

६. सबब मी लिहून ठेवते की, कु. रेश्मा म्हस्के ही अपघाताच्या वेळी समोर बघत होती. तिचा फोन पिशवीत होता. ट्रॉली तिला दिसली नाही, कारण ती कोणालाही दिसेल अशी उभी केलेली नव्हती. रेश्माची चूक निम्मी नव्हती, काहीच नव्हती. हे मी मायेपोटी लिहीत नाही. चाळीस वर्षे मी याच एका गोष्टीचा अभ्यास केला आहे आणि त्या अधिकाराने लिहिते.

हे मृत्युपत्र मी स्वतः वाचले व साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. सहावे कलम बनुबाईंनी पुन्हा वाचायला सांगितले, ते पुन्हा वाचले. त्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नसल्याने त्यांची साक्ष चालते, असे वकिलांनी सांगितले आहे. हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मंग बरंच झालं, बांगड्या घेतल्या न्हाईत त्ये." आणि पेन मागितले.

ठिकाण: अहिल्यानगर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

लिहून ठेवणार: दीना यशया पाटोळे (सही)

साक्षीदार:
१. डॉ. अश्विनी काळदाते, अहिल्यानगर (सही)
२. बनुबाई म्हस्के, रेश्माची आई, ता. नेवासा (सही)