काशीची गाडी आणि धावेचा ताण

माघ व. २, शके १७८५. वलगाव.
लेक काशीला सासरहून आणायला बार्शीटाकळीस निघायचे. पहिले बाळंतपण, आठवा सरत आला. कापसाच्या खेपांत दिवस कसे गेले कळले नाही. तिची आई गोदावरी म्हणाली, "गाडीची धाव ढिली झाली हाय. त्या गाडीत पोरीले बसवू नका." खरे आहे. कोरड्या वाऱ्याने चाकाचे लाकूड सुकले, वरची लोखंडी पट्टी खुळखुळते.

माघ व. ४. अमरावती.
इस्माईलभाई लोहाराच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग. पोटुशी लेक आणायची म्हटल्यावर त्याने माझी चाके पुढे घेतली. रांगेतले कोणी कुरकुरले नाही. मी म्हटले, होईल तितकी घट्ट बसवा.
"लई आवळली तं आरे फुटतात, अन् बसणाऱ्याचे हाडंही. ढिली ठेवली तं उतारावर निसटते. मधात ठेवून राहिलो."
गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल केली, चाकावर चढवली, पाणी ओतले. लाकूड करकरले. मग सगळीकडे हातोडी ठोकून कान लावला. म्हणे रिकामी गाडी उडते, खाली सरकीची पोती टाका, वर गादी. आवाज बदलला तर थांबा. काम पाहत राहावे असे.

माघ व. १०. बार्शीटाकळी.
काशी बरी आहे, पाय सुजलेत. व्याही म्हणतात रस्ता वाईट, बाळंतपण इथेच होऊ द्या. का. सासऱ्यांपुढे खाली मान घालून, पण स्पष्ट बोलली, "मले मायजवळ जायचं हाय." मग मला लोहाराचे बोलणे सगळे विचारून घेतले.

माघ व. १२. काटेपूर्णेच्या काठी.
अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या कापसाच्या तांड्यासोबत होतो. सोबत सुटू नये ही माझी घाई. नदीच्या उताराआधी का. म्हणाली, "बाबा, चाक वेगळं वाजून राहिलं."
"मूर्तिजापुरात पाहू."
"मी उतरते. तुमी आताच पाहा."
आणि उतरली. तेवढे पोट सावरत, चाकाला धरून.
पाहिले तर उजव्या चाकाची धाव बोटभर बाहेर सरकलेली. तो उतार, आणि आत ती असती तर. पुढचे लिहवत नाही.
तांड्याच्या म्होरक्याने पोरे लावून चाक काढून दिले. "आमाले थांबता येत नाही, भाऊ. भाव उद्या काय राहीन कोण सांगावं." त्याचेही खरे. पोरीला माझ्या गाडीत बसवून द्या म्हणाला. का. म्हणाली, "गठ्ठ्यांवर बसून मी जात नाही. बाबाले एकटं काहून सोडू?"
तांड्याची धूळ खाली बसली तसे चाक लोटत नदीवर नेले.

माघ व. १३. तिथेच.
चाक रात्रभर नदीत. लाकूड फुगले. धाव ठोकून जागेवर घेतली, फटीत बाभळीच्या पाचरी मारल्या. पाचरी का.ने विळ्याने तासल्या, झाडाला पाठ टेकून. पाय पाण्यात. मला म्हणे हळू ठोका, लई आवळू नका. मी हसलो. माझी पोर. कधी एवढी झाली.
उताराला ती पायीच. मी बैल धरले. सुखरूप.

फाल्गुन शु. २. वलगाव.
पोचलो. चाक रोज भिजवत आलो. गो.ने लेकीला पोटाशी घेतले. का.ने सगळे सांगितले असावे, कारण जेवताना ताटात तूप जास्त.

फाल्गुन व. ५.
दुपारपासून कळा. सुईण आत, गो. आत. कळा जोराच्या आहेत, पण अजून वेळ लागेल म्हणते. मी ओट्यावर. शेजारचे येऊन बसले, बाजाराचे बोलत होते, मी ऐकले नाही. उठून गेले.
आत्ता गो. दारात आली. म्हणे का.चा निरोप आहे, बाबाले जेवून घ्या म्हणा.
ताट पुढ्यात घेऊन बसलो आहे.