हंबीररावांची विलायती बाटली आणि हिचे गुडघे

कोल्हापूर, डिसेंबर १९७४

तीर्थस्वरूप दत्तोपंत यांच्या सेवेशी भार्गवचा साष्टांग नमस्कार. गारगोटीच्या थंडीत आपला दमा, वहिनींची दाढ आणि गाभण म्हैस ही तिन्ही सुखरूप असावीत. इकडे आम्ही मजेत आहोत. आपली धाकटी बहीण कालिंदी हिचे गुडघे तेवढे कुरकुरतात, पण पत्राचा विषय तो नाही (पुढे तोच होईल).

आमचे शेजारी हंबीरराव यांच्या वडिलांना संस्थानच्या काळात कोणा शिकारी साहेबाने एक व्हिस्कीची बाटली भेट दिली होती. सिंगल माल्ट, म्हणजे एकाच भट्टीतली, निव्वळ जवाची. वडिलांनी जपली, मुलाने जपली आणि पंधरवड्यापूर्वी स्वतःच्या साठीला फोडली. चव घ्यायला कवितेचा माणूस हवा म्हणून मला बोलावणे (दारूचे परमिट त्यांचे, जीभ माझी). मी दुपारपासून शाळेतल्या कविता मनात घोळवून झरे, धुके, डोंगर असे उपमांचे सगळे सामान काढून ठेवले होते. पण पाहुण्याला रिकाम्या पोटी पेला देणे म्हणजे घराण्याची अब्रू जाणे! आधी तांबडा रस्सा आला. “भुरका मारा मास्तर, लाजायचं न्हाय!” वाटीवर वाटी झाली. मग पेला ओठी लावला, तर जिभेच्या जागी निखारा. साहेबाची बाटली की पंचगंगेचे पाणी, काही कळेना. रस्सा हंबीररावांनीही ओरपला होता; घोट घेताच ते भडकले, “आयला, ह्यात कायबी न्हाय की! साहेबानं आबास्नी फशिवलं!” मी धीर करून म्हणालो, चव गंभीर आहे. “गंभीर हाय तर घिऊन जा घरला!” अशी पाऊण बाटली माझ्या पदरी पडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जीभ माघारी आली. अंगणात बसून पेल्यात थोडी ओतली, वर चार थेंब पाणी, आणि आधी नुसता वास घेतला. दत्तोपंत, लहानपणी पाहिलेले मुरगूडचे गुऱ्हाळ हो! चुलवाणात जळणारे चिपाड, त्याचा ओलसर धूर, कढईतली गरम काकवी आणि माझा हात घट्ट धरून उभे असलेले मामा. घोट घेतला तर आधी मध, मग धूर, आणि मागे कितीतरी वेळ रेंगाळणारी ऊब; कविता संपल्यावर वर्ग क्षणभर गप्प राहतो ना, तशी. काढून ठेवलेली एकही उपमा कामी आली नाही. डोळे मात्र भरले.

ते हिने पाहिले. असले जहाल पाणी चोळल्याने सांधे मोकळे होतात, असे शालूबाईंनी (समोरच्या) तिला सांगितलेलेच होते. “पिऊन रडण्यापेक्षा चोळून बरं झालेलं काय वाईट?” म्हणत तिने बाटली स्वयंपाकघरात नेली. आता रोज संध्याकाळी ती दार लावून मालिश करते आणि मी बाहेर फटीशी पाट टाकून वास घेतो. तक्रार नाही. वासही थोडका नाही.

आपला,
भार्गव

ता. क. खरे काम असे, की कालिंदी फक्त आपला शब्द मानते. विलायती पाणी गुडघ्यांना बाधते, एरंडेल चोळावे, असे वडीलकीच्या नात्याने तिला खडसावून लिहावे. जमल्यास तेलही धाडावे.

आणखी ता. क. हंबीरराव भेटले तर चवीविषयी अवाक्षर काढू नये. त्यांना संशय येऊ लागला आहे.

(पाठीमागे, पेन्सिलीने)
अप्पा, पाकीट डकवायला ह्यांनी माझ्याकडेच दिलं. तेल पाठवू नकोस. चोळली ती फक्त पहिल्या दिवशी. आता दार लावून दोन चमचे पोटात घेते. गुडघे दुखतातच, पण दुखेनात का, असं वाटतं. ह्यांना एवढंच लिही, की मालिश मध्येच सोडू नये म्हणून.
कालिंदी