कंपनीच्या गाडीतली ओळखीची माणसं

१९ जानेवारी
सकाळी कंपनीची गाडी दारात आली. धुकं इतकं की साखरखेर्डा गाव आपलं वाटतच नव्हतं. आमची ही, सुनंदा, चढली. खिडकीत देशमुख मॅडम नाहीत. हिच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या, काम हिला त्यांनीच शिकवलं.
संध्याकाळी तिला विचारलं. "गेल्या सोडून." एवढंच.

२४ जाने.
भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक नाही. शेअरचा भाव बघत बसलो. आमची सगळी बचत सुनंदाच्या या बियाणे कंपनीत. तिला कायम केलं तेव्हा शेअर घेतले. ती म्हणायची, इथं लागलेला माणूस इथंच म्हातारा होतो. त्या वाक्यावरच घेतले खरं तर. भाव वर चाललाय.

५ फेब्रुवारी
प्रयोगशाळेतले पवार सोडून गेले. वानखडे पण. गाडीत नवी पोरं. नावं कळेपर्यंत तीही बदलतात.
शेजारी कापड दुकानवाले रफिकभाई शेअरमधले जुने. त्यांच्याशी बोललो.
"नफा चांगला आहे ना? मंग काऊन घाबरून राह्यले? मानसं येतात, जातात."
जातात, पण सगळे जुनेच? नफा मागच्या हंगामाचा. माणूस पुढचा हंगाम बघून उठतो. असं वाटतं. खात्री नाही.

६ फेब्रु.
पहाटेचं स्वप्न. लांब खोली, ओल्या कागदावर दाणे. सगळ्यांना कोंब, हिरवे, छताकडे निघालेले. बघायला माणूस कोणी नाही. भीती वाटली नाही. छान वाटलं, तेच विचित्र.

१३ फेब्रु.
संध्याकाळी गच्चीवर दोघं. हरभऱ्याच्या वावरांवर पिवळं ऊन. विचारलं, आत काय चाललंय?
"ते मी नाही सांगनार. माह्या बोलन्यावर तुम्ही शेअर इकले, तर मले तिथं तोंड दाखवता येईन का?"
"आतलं नको मले. गाडीत कोन नाही, ते तर साऱ्या गावाले दिसते."
"मंग गाडीच पाहा." हसली. मग केस सोडून किती वेळ वाऱ्यात बसून राहिली.
विकायचं मनात येतं. पण ती रोज जातेय तिथं, आणि मी...

२२ फेब्रु.
भाव आणखी वर. रफिकभाईंनी पेढा दिला. "तुम्ही ठेवून राह्यले म्हनून मीबी घेतले." पेढा तोंडात फिरत राहिला. सांगायचं होतं, गाडी बघा. तसाच दुकानात परत आलो.

२ मार्च
गाडी आली. सुनंदा डबा भरून, चपला घालून ओट्यावर. समोरच्या कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी, तिच्याकडे बघत होती. हॉर्न वाजला. उठली नाही.
ड्रायव्हर म्हणाला, "काऊन वहिनी?"
"तुम्ही व्हा पुढं."
गाडी गेली. मी शेजारी बसलो. तिनं डबा उघडला, अर्धी पोळी माझ्या हातात दिली. दोघं खात बसलो.
शेअर बाजार उघडायला अजून वेळ आहे.