सर्वानुमते

३ फेब्रुवारी

सोसायटीची मिटिंग झाली. बेचाळीस माणसं अन् कणा एकालाही नाही!

विषय काय, तर कलावती. चौदा वर्षं जिन्याखाली आमचे कपडे इस्त्री करून राहिली, तिच्या घरात तेवढीच कमाई, अन् आता ती म्हणे बाहेरची. सुरक्षेला धोका, हटवा तिला! नवा सेक्रेटरी गौरांग हुशार. आधी आपल्याच तिघांना बोलायला लावलं — "एकदम सही", "बिल्कुल". मग, "जो सहमत हैं, हाथ उठाइए." पटापट हात! त्यात हर्षाचाही! माझ्याच कॉलेजात, माझ्याकडे सायकॉलॉजी शिकलेली हर्षा. किळस आली.

कलावती दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

माझे हात मांडीवरच होते. "कोई विरोध?" म्हणाला, तेव्हा मी सरळ खिडकीबाहेर पाहिलं. या मेंढरांपुढे तोंड कोण वाजवणार?

४ फेब्रुवारी

जिन्यात हर्षा दिसली. नजर चुकवून पळाली. पळ!

६ फेब्रुवारी

दरवर्षी वर्गात मी हा प्रयोग करायची. नऊ पोरींना आधीच पढवून ठेवायची — फळ्यावरच्या आखूड रेघेला लांब म्हणा. दहावी बिचारी डोळे चोळायची अन् तेच म्हणायची. काय हसायचो आम्ही! मग त्या नऊजणींतल्या एकीला खरं बोलायला सांगायचं, की दहावीलाही कंठ फुटायचा. एक माणूस पुरतो. बेचाळिसांत तेवढाही निघू नये! थू!

८ फेब्रुवारी

कलावती गेली. टेबल, कोळशाची इस्त्री, सगळं हातठेल्यावर घालून. माझ्या साड्या घडी करून दाराशी ठेवल्या होत्या. बेल वाजवली नाही.

९ फेब्रुवारी

गेटवर नोटीस. "सर्वानुमते" म्हणे! गौरांगला तिथंच धरलं. "सर्वानुमते काहून? मी हात वर केला नव्हता!"

"पर दीदी, विरोध पूछा तब तो आप चुप थीं."

निर्लज्ज मेला.

१० फेब्रुवारी

हर्षाला आज तिच्या दारातच गाठलं. म्हटलं, तुला तरी लाज वाटायला हवी होती.

ती रडायलाच लागली. "वाटली ना मॅडम. 'विरोध' म्हणाला तेव्हा मी तुमच्याकडेच पाहून राहिली होती. तुम्ही बोलल्या असत्या तर मी पण बोलली असती. कलावतीदीदी पण तुमच्याकडेच पाहत होती."

११ फेब्रुवारी

गौरांगने नोटीस बरोबर लिहिली आहे.