माझ्याच निकालाविरुद्ध

प्रिय चिमणे,

चाळिशीच्या वकीलबाईंना चिमणी म्हणणं शोभत नाही, पण आज राहू दे.

काल तुला न सांगता कोर्टात आलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. पाच न्यायाधीशांसमोर तू उभी होतीस आणि आडवा येत होता माझा बावीस वर्षांपूर्वीचा निकाल. दिवस गेले म्हणून कारखान्याने काढून टाकलेली ती शिलाई कामगार. घटना स्त्री-पुरुषांना समान मानते, पण गरोदरपणाबद्दल गप्प आहे. नवे हक्क देणं न्यायाधीशाचं काम नव्हे, असं लिहून मी तिची याचिका फेटाळली होती.

खरं सांगू, हल्लीच्या न्यायाधीशांचा मला वैताग येतो. घटनेतल्या 'जीवित' या एका शब्दातून स्वच्छ हवेचा हक्क काढतात, झोपेचा हक्क काढतात, उद्या आणखी काय काढतील देव जाणे. निवडून न आलेल्या माणसाने आपली पायरी ओळखावी, हे मी जेवताना इतक्यांदा ऐकवलंय की तू ताट उचलून आत जायचीस. ते मत अजूनही तसंच आहे.

काल नेमकी तीच शिलाई कामगार बाई शेजारी येऊन बसली. तिने मला ओळखलं नाही. "तुमचीही केस आहे का?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. मग तिने आपणहून सांगितलं, की नोकरी गेल्यावर लोकांचे उसवलेले कपडे शिवून मुलगी वाढवली, ती त्याच कारखान्यात लागली आणि आता दिवस गेल्यावर तिलाही तसंच काढलंय. म्हणजे तुझी अशील तिचीच मुलगी.

तेवढ्यात तू म्हणालीस, "तो निकाल त्या काळात योग्यच होता. आता काळ बदललाय." पाचही जणांनी आदराने माना डोलावल्या. बाईने मान खाली घातली. मला तिथे बसवेना.

अगं, काळाचा काय संबंध? त्या खटल्यात माझ्याबरोबर बसलेल्या धाकट्या न्यायाधीशाने तेव्हाच चेंबरमध्ये विचारलं होतं, बाप होणाऱ्याला कुणी काढत नाही, मग समान कुठे राहिलं? शब्द ताणायची गरजच नव्हती, 'समान' हा शब्द घटनेत होताच. निकाल एकमताचा दिसावा म्हणून मी तासभर समजावून त्याची सही घेतली. हे तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही.

तू मला सांभाळून घेतेयस, हे कळतंय मला. पण तूच योग्य म्हटलेला निकाल ते पाच जण मोडणार नाहीत, आणि त्यात ती मुलगी हरेल. सोमवारी उभी राहा आणि माझं नाव घेऊन सांग, की तो निकाल दिला त्याच दिवशी चुकीचा होता. मी पहिल्या बाकावर बसेन.

तुझाच, अजून हट्टी असलेला,
बाबा